पंचवीस गुणांचे पर्यावरण

२२ नोव्हेंबर १९९१. सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल दिला. याचिका होती एम. सी. मेहता यांची, ताजमहालाच्या भोवतालचे कारखाने आणि गंगेत सांडपाणी सोडणारे कातडी कमावण्याचे कारखाने यांना कोर्टात खेचणारे हेच ते वकील. या वेळी त्यांना कुठला कारखाना बंद पाडायचा नव्हता. राज्यघटनेत ४२व्या दुरुस्तीने, १९७६ साली, निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले गेले आहे. पण ज्या नागरिकाला निसर्गाचे काय चालले आहे हेच ठाऊक नाही, तो कर्तव्य बजावणार कसे? तेव्हा सरकारने लोकांना हे ज्ञान द्यावे, एवढेच मागणे होते.

न्यायालयाने ते मान्य केले आणि आदेश दिले. ते आज वाचताना गंमत वाटते. सिनेमागृहांनी, अगदी गावोगाव फिरणाऱ्या तंबू टॉकीजनी आणि व्हिडिओ पार्लरनीसुद्धा, प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात. आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज पाच-सात मिनिटे या विषयाला द्यावीत. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयात पर्यावरण हा सक्तीचा विषय करता येईल का ते पाहावे.

व्हिडिओ पार्लर गेले, स्लाइडही गेल्या. सक्तीचा विषय मात्र टिकला, पण तो वर्गात यायला दहा-बारा वर्षे लागली. प्रकरण पुन्हा कोर्टात गेले, ताशेरे ओढले गेले, तेव्हा कुठे २००३ च्या सुमारास आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी एक सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. समितीचे अध्यक्ष होते पुण्याचे डॉ. एरच भरुचा. हे गृहस्थ पेशाने शल्यचिकित्सक, ओढीने वन्यजीवांचे अभ्यासक आणि छायाचित्रकार. आयोगासाठी त्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात जंगल पाहिलेल्या माणसाचा हात जाणवतो.

हा अभ्यासक्रम एकदा नीट पाहण्यासारखा आहे, कारण देशातल्या विद्यार्थ्याला पर्यावरणाचे काय कळावे याचा तो अधिकृत आराखडा होता. एकूण तासिका ५०. विषयाची ओळख २, नैसर्गिक साधनसंपत्ती ८, परिसंस्था ६, जैवविविधता ८, प्रदूषण ८, सामाजिक प्रश्न ७, लोकसंख्या ६. उरल्या ५ तासिका क्षेत्रकार्याला. गुण शंभर: २५ लघुत्तरी, ५० निबंधवजा आणि २५ क्षेत्रकार्याला. म्हणजे दहावा हिस्सा वेळ आणि चौथा हिस्सा गुण असलेला एक कोपरा समितीने मुद्दाम राखून ठेवला होता. तिथे करायचे काय? आपल्या भागातली नदी, जंगल, गवताळ रान किंवा डोंगर पाहून त्याची नोंद करायची. एखादी प्रदूषित जागा पाहायची. परिसरातली झाडे, कीटक, पक्षी ओळखायचे. तळे, ओढा, डोंगरउतार अशा एखाद्या साध्या परिसंस्थेचा अभ्यास करायचा.

माझ्या मते आख्ख्या अभ्यासक्रमात हीच जागा सर्वांत मोलाची होती, आणि नेमकी तीच सर्वांत आधी पोखरली गेली. कुठल्याही महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या पोरांना ‘ईव्हीएस’बद्दल, म्हणजे याच विषयाबद्दल, विचारा. पास व्हावेच लागते, पण अनेक ठिकाणी त्याचे गुण टक्केवारीत धरत नाहीत. तेव्हा त्यात जीव ओतण्याचे कारण उरत नाही. शिकवणारा अनेकदा ज्याचा कार्यभार कमी पडतो तो, मग तो वाणिज्याचा असो की इतिहासाचा. एका वर्गात दीडशे विद्यार्थी. त्यांना घेऊन नदीवर जायचे तर परवानगी, बस, विमा, पालकांची संमतीपत्रे. मग निघतो तोडगा. मागच्या वर्षीची प्रकल्पवही. ती कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळते, पहिल्या पानावरचे नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा बदलायचा. एकाच नदीच्या प्रदूषणाचे एकच वर्णन वर्षानुवर्षे तपासले जाते, सही होते, गुण पडतात. नदी दरम्यान बदलली असेल तर तो नदीचा प्रश्न.

यात विद्यार्थ्यांना बोल लावून उपयोग नाही. ज्या गोष्टीचा कोणी उपयोग करणार नाही ती मन लावून करायची कशी?

आता मूळ प्रश्न: ज्ञान वाढले की वागणे बदलते, हे गृहीतच कितपत खरे? १९९१ चा निकाल, २००३ चा अभ्यासक्रम, जागृतीच्या नावाने निघणाऱ्या प्रभातफेऱ्या, सगळे त्या एका गृहीतावर उभे आहे. जोडी हाइन्स, हॅरॉल्ड हंगरफर्ड आणि ऑड्री टोमेरा या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात तोवर झालेले १२८ अभ्यास एकत्र करून हे तपासले. ज्ञान आणि जबाबदार वागणूक यांचा सहसंबंध निघाला साधारण ०.३०. हा आकडा शून्य नाही, पण त्याचा वर्ग केला की ०.०९ येतो, म्हणजे माणसामाणसांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम नऊ टक्के ज्ञानाशी जुळतो. ‘माझ्या हातून काही फरक पडू शकतो’ ही भावना याच अभ्यासात ज्ञानापेक्षा थोडी भारी ठरली. आणि ठरवून केलेला निश्चय त्याहूनही पुढे, जवळपास ०.४९.

त्या तिघांनी आणखी एक गोष्ट वेगळी काढली, ती मला सर्वांत कामाची वाटते. प्रश्न माहीत असणे हे एक ज्ञान. त्यावर काय करता येते, कोणाकडे जाता येते हे माहीत असणे हे दुसरे. आणि ते प्रत्यक्ष करण्याचे कसब हे तिसरे. आपल्या परीक्षा पहिल्यावर थांबतात.

तेही पहिले ज्ञान किती घट्ट असते, हा वेगळाच विषय. लिव्हरपूल विद्यापीठातले एडवर्ड बॉइज आणि मार्टिन स्टॅनिस्ट्रीट यांनी १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या डोक्यातले हरितगृह परिणामाचे चित्र तपासायला घेतले, तेव्हा एक घोटाळा पुन्हा पुन्हा वर आला. मुलांनी ओझोनचा थर विरळ होणे आणि पृथ्वी तापणे या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून टाकल्या होत्या. छिद्र पडले, त्यातून जास्त ऊन आत आले, म्हणून पृथ्वी तापली, असा तो सरळसोट हिशेब. पुढे जगभर अनेक देशांत अभ्यासकांना तो सापडला, आणि आपल्याकडच्या पदवीधरांशी गप्पा मारताना तो आजही ऐकू येतो. चूक मूर्खपणाची नाही. छिद्र, ऊन, उष्णता ही साखळी पावसात पत्रा गळावा तितकी ओळखीची आहे. खरी गोष्ट अवघड आहे. ओझोन कमी झाल्यावर जास्त येतात ते अतिनील किरण, आणि त्यांचा धोका त्वचेला, डोळ्यांना, पिकांना. पृथ्वी तापते ती आत आलेली उष्णता बाहेर जाताना कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे वायू अडवतात म्हणून. छिद्राशी याचा मुख्य संबंध नाही. गुंता असा की पूर्वीच्या रेफ्रिजरेटरमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू दोन्ही पापांत भागीदार आहेत. पण ओझोनसाठी १९८७ च्या माँट्रियल कराराने उपाय सापडला आणि तो लागूही पडला. कार्बनसाठी तसा सोपा करार नाही. दोन्ही एकच समजणाऱ्या विद्यार्थ्याला ‘एरोसोलचा स्प्रे वापरू नका’ हा हवामानबदलावरचा उपाय वाटतो, आणि कोळशावर चालणारे वीजकेंद्र त्याच्या नजरेतून सुटते. चुकीच्या ज्ञानाची किंमत अशी मोजावी लागते.

हे झाले ज्ञानाचे. जाणीव मोजायची कशी? त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पट्टी रायली डनलॅप आणि केंट व्हॅन लीअर यांनी १९७८ साली बनवली, २००० मध्ये ती सुधारली गेली. पंधरा विधाने, प्रत्येकाला पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे उत्तर द्यायचे. विषम क्रमांकाची आठ विधाने निसर्गाच्या बाजूची: पृथ्वीची साधने मर्यादित आहेत, निसर्गाचा समतोल नाजूक आहे, अशा आशयाची. सम क्रमांकाची सात उलट बाजूची: माणसाने निसर्गावर राज्य करावे, माणसाची हुशारी काहीतरी तोड काढीलच, अशी. आपल्या विद्यापीठांतून पर्यावरण-जाणिवेवर जे प्रबंध लिहिले जातात त्यांतही ही किंवा अशीच पट्टी पुष्कळदा दिसते. निष्कर्ष बहुधा ठरलेला: जाणीव चांगली, कृती कमी.

पट्टी वाईट नाही. पण ती काय मोजते हे लक्षात ठेवले पाहिजे. प्राध्यापकाने वर्गात वाटलेल्या कागदावर ‘माणसाने निसर्गावर सत्ता गाजवावी’ याच्यापुढे ‘पूर्ण सहमत’ कोण लिहील? आणि काही गोष्टी तर त्या पट्टीत कधीच बसणार नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांवर भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे पोहोचली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर. हेच लातूर परीक्षेतल्या यशाच्या ‘पॅटर्न’साठी प्रसिद्ध, तिथे शिकवण्यांसाठी खोल्या घेऊन राहणारी हजारो मुले त्या उन्हाळ्यात कळशी घेऊन रांगेत उभी होती. किती फुटांवर बोअर आटतो, टँकर कोणाच्या दारात आधी थांबतो, उसाला पाणी कुठून जाते आणि हंड्याला का येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तीच मुले पुढे पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात येतात आणि ‘जलसंधारणाचे महत्त्व लिहा’ या प्रश्नाला पाठ केलेली सहा वाक्ये लिहितात. त्यांच्याकडचे खरे ज्ञान मागायला प्रश्नपत्रिकेत जागाच नसते. शहरी मुलाची गत उलटी. पुण्यात जन्मलेल्याला ध्रुवीय अस्वलाची काळजी असते. पण आपल्या नळाचे पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांतून येते, आणि आपला कचरा कित्येक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला, हे फुरसुंगीकर रस्त्यावर उतरल्यावरच त्याला कळते.

दुसऱ्या प्रकारचे ज्ञान, म्हणजे दार कुठले ठोठावायचे हे, किती मोलाचे असते ते २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत दिसले. मेट्रोच्या कारशेडसाठी आरे वसाहतीतली २,१८५ झाडे तोडायला वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिली होती. हजारो लोकांनी हरकती नोंदवल्या होत्या. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. बातमी मोबाइलवरून पसरली, तरुण मंडळी फाटकावर धावली, २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुट्टी. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना थेट पत्र लिहिले. ते पत्रच जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतले गेले आणि ७ ऑक्टोबरला, सुट्टीत बसलेल्या विशेष खंडपीठाने आणखी तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. पत्राने वाचवलेली झाडे मूठभर, हे मान्य करायला हवे. पण सर्वोच्च न्यायालय साध्या पत्रालाही याचिका मानू शकते हे ठाऊक असणाऱ्याने जे साधले ते फाटकावर घोषणा देणाऱ्या शेकडो जणांना साधले नाही.

आमचा अभ्यासक्रम कायदे शिकवत नाही असे नाही. वन्यजीव १९७२, जल १९७४, वायू १९८१, पर्यावरण १९८६: सनावळ्या विद्यार्थ्यांना मुंज्याच्या मंत्रासारख्या पाठ असतात. पण राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आपल्या जिल्ह्यात कुठे आहे, ओढ्यात फेस दिसला तर तक्रार कोणत्या अर्जावर करायची, वृक्ष प्राधिकरणाची नोटीस झाडावर लागते तेव्हा हरकत घ्यायला किती दिवस मिळतात, हे विचारले तर वर्ग गप्प.

विद्यापीठाने ठरवले तर काय होऊ शकते याचे एक उदाहरण पुण्यातच आहे आणि ते पर्यावरणाच्या तासाला सहसा सांगितले जात नाही. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या बायकांच्या मुलांना शिकवायला म्हणून वस्तीत गेल्या. मुले सकाळी आयांबरोबर कचराकुंड्यांवर असत. मग शिकवणाऱ्याही तिकडेच गेल्या. तिथे त्यांना जे दिसले ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. शहरातला कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक पुनर्वापराकडे नेणारी यंत्रणा या बायकांच्या पाठीवर होती, आणि त्यांना पोलीस चोर म्हणून हटकत होते. कचरा घरातच वेगळा करून मिळाला तर त्यांचे काम कुंडीत हात न घालता होईल, ही कल्पना त्या कामातूनच पुढे आली. १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही या बायकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. आज पुण्यातल्या ज्या विद्यार्थ्याच्या दारात सकाळी ताई ओला-सुका कचरा वेगळा मागतात, त्या ताईंच्या ओळखपत्रामागे एका विद्यापीठाचा विभाग आहे. क्षेत्रकार्य म्हणतात ते हेच. फरक एवढाच की इथे गोळा केलेल्या माहितीची कुणाला तरी खरी गरज होती.

किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालणाऱ्या मुलांकडे पाहा. बंधारा पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा, तो वाहूनही जाईल. पण पाणी कुठून येते, कुठे अडते, गावातला कोणता शेतकरी त्यावर खूश होतो आणि कोणता नाराज, हे त्यांना सात दिवसांत समजते. पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाची नवी पोरे त्याच बंधाऱ्याच्या मोजणीला गेली आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, असे मात्र क्वचित घडते. दरवर्षी शिबिराचे गाव बदलते. नोंद साठत नाही.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना जोडून जैवविविधतेची निरीक्षणे करण्याचे जाळे उभे केले, ते नेमके या साठण्यासाठी. एका वर्गाची एक वही काहीच सांगत नाही. पण दहा महाविद्यालयांनी एकाच पद्धतीने पाच वर्षे मोजले तर कुठला पक्षी सरकतोय, कुठले गवत हटतेय हे दिसू लागते. गावाच्या लोकांनी आपल्या जैवविविधतेची नोंदवही करावी हा विचार पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या अंमलबजावणीत आला. गाडगीळांचा त्यात मोठा वाटा. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमायला सांगितली. नोंदवह्या कशा तयार झाल्या, किती गावांत गावकऱ्यांनी लिहिल्या आणि किती ठिकाणी कंत्राटावर, हे आपल्या तालुक्यात जाऊन पाहणे हाच पंचवीस गुणांचा उत्तम प्रकल्प होईल.

कंत्राटावरून एक जुनी गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यात एका बॉक्साइट खाणीसाठी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल सादर झाला होता. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाला असा अहवाल लागतोच. त्याचा सारांश राज्याच्या भाषेत काढावा लागतो, प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र इथे ठेवाव्या लागतात आणि किमान तीस दिवसांची नोटीस देऊन जनसुनावणी घ्यावी लागते. त्या अहवालात खाणीजवळच्या पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्च यांची वने लिहिली होती. ही झाडे थंड उत्तरेकडची. रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून मजकूर जसाच्या तसा उचलला होता, हे उघड झाले. कोकणात ऐन, किंजळ, खैर, आंबा, काजू दिसतात. बर्च पाहायला माणसाला हिमालयात जावे लागेल. तज्ज्ञांची फी घेऊन तयार झालेला तो अहवाल आणि झेरॉक्सच्या दुकानातली प्रकल्पवही यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही. एक दुसरीची मोठी बहीण.

हा घोटाळा पकडायला पीएच.डी. लागत नव्हती. आपल्या गावामागच्या डोंगरावरची वीस झाडे जिने नावानिशी वहीत उतरवली आहेत अशा दुसऱ्या वर्षाच्या वनस्पतिशास्त्राच्या मुलीला तो सारांश जिल्हाधिकारी कार्यालयातून आणून दिला असता, तर तिने चहा थंड होण्याआधी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली असती. आणि सुनावणीच्या दिवशी, हॉलमध्ये माइक गावकऱ्यांपर्यंत येईल तेव्हा, तिचे वडील ती वही उघडून विचारू शकले असते की साहेब, ही झाडे आमच्या कुठल्या वाडीत आहेत, जरा दाखवायला चला.